सायप्रसच्या डोंगरगावांत पहिल्यांदा जाताना

भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनियानंतरचं तिसरं मोठं बेट म्हणजे सायप्रस. तिथे जाणारे बहुतेकजण किनाऱ्यावर राहतात आणि एक दिवस 'गावं बघायला' म्हणून बसमधून डोंगरात फिरून येतात. ही बस साधारण अकराला गावात पोचते आणि चारच्या आत निघते. त्या वेळात गावकरी घरात किंवा शेतात असतात, चौकात असतात ते फक्त पाहुणे आणि दुकानदार. गाव जागं असतं ते सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावर. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एका आग्रहाभोवती आहे: गावं कमी बघा, पण गावात मुक्काम करा.

आधी कागदपत्रं आणि महिना

सायप्रस २००४ पासून युरोपीय संघात आहे आणि २००८ पासून तिथे युरो चालतो, पण व्हिसा त्यांचा स्वतःचा आहे. दोनदा किंवा अनेकदा प्रवेश देणारा चालू शेंगेन व्हिसा असलेल्यांना वेगळा व्हिसा न घेता येऊ देतात, असा नियम चालत आला आहे. असे नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीचं संकेतस्थळ पाहाच. विमान लार्नाका किंवा पाफोसचंच घ्या. बेट दोन भागांत विभागलेलं आहे (त्याबद्दल शेवटी), आणि उत्तर भागातल्या विमानतळावरून येणं दक्षिणेतलं सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानतं.

महिना निवडताना आपल्याला काय बघायचंय ते ठरवा. एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात, हे दोन काळ चालण्यासाठी सर्वांत चांगले. एप्रिलमध्ये पेदुलास गावाभोवतीच्या चेरीच्या बागा फुलतात. मे महिन्यात आग्रोस गावात पहाटे गुलाब तोडतात आणि त्याचं गुलाबपाणी काढतात. सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते आणि अंगणाअंगणांत मोठ्या कढईत द्राक्षाचा रस आटत असतो. मला विचाराल तर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा भाजून निघतो. डोंगरात रात्री बऱ्या असतात, पण दुपारी चालवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत त्रोदोस पर्वतावर बर्फ पडतं. त्याचं सर्वोच्च शिखर ओलिंबोस १,९५२ मीटर उंच आहे आणि तिथे लोक चक्क स्कीइंग करतात. तेव्हा गेलात तर घाटरस्ता बंद आहे का, याची रोज सकाळी चौकशी करावी लागेल.

तिथल्या ग्रीक लोकांचा ख्रिस्ती पंथ ऑर्थोडॉक्स; त्यांच्या ईस्टरची तारीख पंचांगासारखी दरवर्षी बदलते आणि कॅथलिक ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळी असते. त्या आठवड्यात शहरातले लोक आपापल्या गावी परततात. गाव भरलेलं बघायचं असेल तर तेव्हा जा, मात्र खोली फार आधी ठरवा. १५ ऑगस्टचं, मेरीमातेच्या सणाचंही तसंच.

गाडी

बेटावर रेल्वे नाही. होती ती १९५१ च्या शेवटी बंद झाली. शहरांमधून डोंगरातल्या मोठ्या गावांना बस जातात, पण दिवसाला मोजक्या, आणि रविवारी त्याहून कमी. एकाच गावात राहून पायी फिरणार असाल तर बस पुरते. दोन-तीन गावं करायची असतील तर गाडी भाड्याने घ्या.

आपल्याला एक मोठी सोय आहे. १८७८ ते १९६० ब्रिटिश अंमल असल्यामुळे तिथे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि स्टीअरिंग उजवीकडे असतं. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्या. वेगमर्यादा मोटरवेवर ताशी १००, गावाबाहेरच्या रस्त्यांवर ८० आणि वस्तीत ५० किलोमीटर. नकाशात रस्त्यांना अक्षरं आहेत: 'ए' म्हणजे मोटरवे, 'बी' म्हणजे मुख्य रस्ता, आणि 'ई', 'एफ' म्हणजे डोंगरातले अरुंद, वळणावळणांचे रस्ते. नकाशावर वीस किलोमीटर दिसलं तरी 'एफ' रस्त्यावर पाऊण तास धरा. अंधार पडल्यावर नव्या घाटात शिरू नका.

पाट्यांवर शहरांची ग्रीक नावं असतात, हे आधी माहीत नसेल तर पहिल्या चौकातच गडबड होते. लिमासोल म्हणजे लेमेसोस, आणि राजधानी निकोसिया म्हणजे लेफ्कोसिया. गावांच्या नावात 'पानो' म्हणजे वरचं आणि 'कातो' म्हणजे खालचं, आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दसारखी जोडी. 'पानो लेफ्कारा'ला जायचं असेल तर नकाशात पूर्ण नाव लिहा. गाडी गावाच्या तोंडाशी लावा आणि आत चालत जा. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या माणसं आणि गाढवं यांच्या मापाच्या आहेत.

विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात. आपले गोल पिनांचे प्लग त्यात बसत नाहीत, तेव्हा अडॅप्टर घरूनच न्या.

मुक्काम कुठे

पहिल्या खेपेला पाच-सहा रात्री आणि तीन ठिकाणं, एवढंच ठरवा.

पहिली रात्र लेफ्कारात. लार्नाका विमानतळापासून गाडीने तासाच्या आतच पोचता, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर घाट चढावा लागत नाही. पांढुरक्या चुनखडी दगडाची घरं, निळ्या-हिरव्या खिडक्या, आणि दारात खुर्ची टाकून लिननच्या कापडावर भरतकाम करणाऱ्या बायका. या भरतकामाबद्दल पुढे सांगते.

मग दोन किंवा तीन रात्री त्रोदोसच्या उत्तर उतारावर, काकोपेत्रिया किंवा कालोपानायोतिस इथे. त्रोदोस म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ. सागरी कवच वर उचललं जाऊन हा पर्वत झाला आणि त्याच खडकांत तांबं सापडलं. तांब्याचं लॅटिन नाव याच बेटावरून आलं. इथली घरं त्या काळपट दगडाची, वर मातीचा गिलावा आणि लाकडी सज्जे. काकोपेत्रियाची जुनी वस्ती दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे आणि रात्रभर पाण्याचा आवाज येत राहतो. निकोसियाहून 'बी ९' रस्त्याने साधारण तासाभरात पोचता येतं. कालोपानायोतिस मराथासा दरीत, गंधकाच्या झऱ्यांजवळ आहे. त्याच दरीत वर मुतुल्लास आणि त्याहून वर पेदुलास. मला ही दरी जास्त आवडते, कारण एकाच रस्त्यावर चढत जाऊन तीन गावं आणि तीन प्राचीन चर्चं बघून होतात.

शेवटच्या दोन रात्री दक्षिण उतारावर, द्राक्षाच्या गावांत. सगळे ओमोदोसला जातात. तिथला फरसबंद चौक आणि होली क्रॉसचा मठ बघण्यासारखा आहेच, जुना द्राक्षघाणाही बघा. पण ते सकाळी नऊला बघा आणि राहायला कोइलानी, लोफू किंवा वुनी घ्या. तिथे संध्याकाळी शांतता असते. वुनीत म्हाताऱ्या, सोडून दिलेल्या गाढवांसाठी आश्रम आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे नक्की न्या. या बेटावर ट्रॅक्टर येईपर्यंत डोंगरातली सगळी शेती गाढवांनी वाहिली आहे.

वेळ असेल तर वाटेत फिकार्दू पाहा. गाव जवळजवळ रिकामं झालं होतं, म्हणून १९७८ मध्ये ते आख्खंच प्राचीन स्मारक म्हणून जाहीर झालं. दोन घरं पूर्ववत करून खुली ठेवली आहेत: खाली गुरं आणि तेला-दारूचे मोठाले रांजण, वर माणसं. बाकीच्या गावांत घरांचे जे तुकडे दिसतात, ते इथे जागच्या जागी बघून उमजतात. म्हणून हे शक्यतो आधी बघा, शेवटी नको.

राहण्यासाठी हॉटेलऐवजी दुरुस्त केलेलं जुनं घर घ्या. अंगण, कमानीचा ओटा, जाड भिंती. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरनंतर खोली गरम करण्याची सोय आहे का, ते विचारून घ्या. दगडी घरं रात्री गारठतात.

कॉफीच्या दुकानात

प्रत्येक गावाच्या चौकात काफेनियो असतं. लाकडी खुर्च्या, पत्ते किंवा तावली नावाचा सोंगट्यांचा खेळ, आणि म्हातारी माणसं. गावात पोचल्यावर देवळाआधी इथे बसा. आत शिरताना 'कालिमेरा' म्हणा, दुपारनंतर 'कालिस्पेरा'. ओळख असो-नसो, बसलेल्या सगळ्यांना उद्देशून म्हणायची पद्धत आहे. पूर्वी इथे फक्त पुरुष बसत. आज पाहुण्या बाईने बसण्यात काहीच गैर नाही. मी निवांत बसले आहे आणि कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

कॉफी मागतानाच साखर सांगायची, कारण ती पितळी दांड्याच्या छोट्या भांड्यात साखर घालूनच उकळतात. 'स्केतो' म्हणजे बिनसाखरेची, 'मेत्रिओ' मध्यम, 'ग्लिको' गोड. ती 'सायप्रस कॉफी' म्हणून मागा. 'तुर्की कॉफी' म्हणालात तर दक्षिणेत लोकांना खुपतं, आणि का खुपतं ते पुढे येईलच. गाळ खाली बसेपर्यंत थांबा, चमच्याने ढवळू नका, तळाचं राहू द्या. सोबत पाणी येतं. पैसे रोख ठेवा.

कुणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात आणि 'कोप्यास्ते' ऐकू आलं, तर तो 'या, बसा' असा आग्रह आहे. घाई असेल तर छातीवर हात ठेवून 'एफ्खारिस्तो', म्हणजे धन्यवाद, म्हणा. वेळ असेल तर खरंच बसा. पैसे देऊ करू नका; दुसऱ्या दिवशी बेकरीतून काहीतरी गोड घेऊन जा.

रंगवलेली चर्चं

या डोंगरात यायला हे एकच कारण पुरेसं आहे. बाहेरून शेतावरच्या कोठारासारख्या दिसणाऱ्या इमारती, उतरतं लाकडी छप्पर, सपाट कौलं. आत शिरलात की भिंतीच्या पायापासून छतापर्यंत चित्रं. यातली दहा चर्चं जागतिक वारसा यादीत आहेत: नऊ १९८५ मध्ये घेतली, पालेखोरीचं दहावं २००१ मध्ये. ते उतरतं छप्पर बर्फापावसासाठी आहे. काकोपेत्रियाजवळच्या संत निकोलासच्या चर्चवर तर मूळ घुमटाच्या वर दुसरं छप्पर चढवलं, आणि त्या छपरावरूनच त्याचं नाव पडलं.

सगळी दहा करायला जाऊ नका. चौथ्यानंतर डोळे थकतात. माझी निवड अशी. निकितारी गावाजवळचं आसिनू, कारण तिथली सर्वांत जुनी चित्रं ११०५-०६ ची आहेत आणि चर्च गावाबाहेर, झाडीत एकटं उभं आहे. कालोपानायोतिसचा संत योहान लांपादिस्तिसचा मठ, जिथे तीन चर्चं एका छपराखाली आहेत. आणि पेदुलासचं छोटंसं मायकेल देवदूताचं चर्च, १४७४ चं. दारावरच्या भिंतीत ते बांधून घेणारा पुजारी वासिलियोस, त्याची बायको आणि दोन मुली रंगवल्या आहेत. पुजाऱ्याच्या हातात त्याच चर्चची प्रतिकृती. साडेपाचशे वर्षांपूर्वीचं गावातलं एक कुटुंब, त्या काळच्या कपड्यांत, तुमच्यासमोर उभं राहतं. तिथे घाई करू नका.

जाण्याची रीत अशी: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी किंवा स्टोल जवळ ठेवावा. आत फ्लॅश चालत नाही, आणि बरेचदा फोटोच काढू देत नाहीत. दार बंद असेल तर किल्ली बहुधा गावातल्या पुजाऱ्याकडे किंवा राखणदाराकडे असते. दारावर फोन नंबर लावलेला असतो, नाहीतर काफेनियोत विचारा. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कुणालाही फोन करू नका, ती झोपेची वेळ. किल्ली घेऊन आलेला माणूस बहुतेकदा म्हातारा असतो, त्यामुळे आत पाच मिनिटांत उरकू नका. निघताना पेटीत पैसे टाका आणि एक मेणबत्ती लावा. एक छोटी टॉर्च न्या, कारण आत अंधार असतो. पण तिचा झोत चित्रावर रोखून धरू नका.

शाकाहारी माणसाचं जेवण

मटण-डुकराच्या देशात आपलं काय होणार, ही काळजी मला नेहमी विचारली जाते. गावात शहरापेक्षा बरं होतं. कारण ऑर्थोडॉक्स उपास. वर्षातले कितीतरी दिवस हे लोक मांस, दूध, अंडी सोडतात, त्यामुळे घरोघरी डाळी-कडधान्यांचं भक्कम जेवण आहे. 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं, असं मागा. एक सावधगिरी बाळगा: त्यांच्या उपासाला माकूळ, ऑक्टोपस, शिंपले चालतात, त्यामुळे समुद्रातलंही नको हे वेगळं सांगा.

'लुवी' म्हणजे आपली चवळीच: उकडून, पालेभाजी किंवा दुधी-काकडीच्या जातीतल्या कोवळ्या भाजीबरोबर, वर कच्चं ऑलिव्ह तेल आणि लिंबू. 'कोलोकासी' म्हणजे अळूचे कंद, मात्र ते डुकराच्या मांसाबरोबरही शिजवतात, तेव्हा विचारून घ्या. 'पुरगुरी' हा दळलेल्या गव्हाचा, टोमॅटो घातलेला भात-उपमा अशा बेताचा पदार्थ. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, 'कुपेप्या', सहसा खिम्याच्या असतात, बिनमांसाच्याही करतात. बेकरीत 'कोलोकोतेस' मागा, लाल भोपळा आणि मनुकांचं सारण भरलेली पुरी, किंवा तिळाच्या कुटाची पोळी. सकाळी गरम मिळते.

हल्लूमी हे पुदिना घातलेलं, तव्यावर न वितळणारं चीज. २०२१ पासून युरोपात त्या नावाला संरक्षण आहे, म्हणजे सायप्रसबाहेर केलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही. गावातलं ताजं, शेळी-मेंढीच्या दुधाचं हल्लूमी शहरातल्या पाकिटाहून फार वेगळं लागतं. ते विरजताना परंपरेने वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

'मेझे' मागवलंत तर वीसेक छोट्या बश्या एकामागून एक येत राहतात. सहसा दोघांसाठीच देतात, आणि सुरुवातीच्या पावानेच पोट भरून घेतलंत तर पुढचं सगळं वाया जातं. जेवणानंतर चमच्याने खायचा मुरंबा येतो: कोवळ्या अक्रोडाचा, चेरीचा, कडू संत्र्याचा. सप्टेंबरात आलात तर 'सुजुको' घ्या. दोऱ्यात ओवलेले बदाम किंवा अक्रोड द्राक्षरसाच्या घट्ट खिरीत पुन्हापुन्हा बुडवून, वाळवून केलेला. टिकतो, त्यामुळे घरी न्यायला उत्तम.

पिणाऱ्यांसाठी कोमांदारिया. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन, लिमासोलवरच्या चौदा गावांतच होते, आणि तिचं नाव मध्ययुगात इथे जमिनी असलेल्या सेंट जॉन पंथाच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवरून पडलं. गाडी चालवणाऱ्याने चाखण्याचा मोह रात्रीवर ढकलावा.

लेफ्काराचं भरतकाम घेताना

लेफ्कारितिका हे भरतकाम युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. लिननच्या कापडातले धागे मोजून काढायचे आणि उरलेल्या जाळीवर टाके घालायचे. नागमोडी नक्षी तिची खूण. बायका घरी काम करत आणि पुरुष ते घेऊन युरोपभर विकायला जात. लिओनार्दो दा विंची इथे येऊन मिलानच्या चर्चसाठी कापड घेऊन गेला, असं गावात प्रत्येकजण सांगतो. ती दंतकथा म्हणून ऐका.

दुकानांत यंत्रावरचा, बाहेरून आणलेला मालही असतो. कापड उलटं करून पाहा. हातच्या कामाची मागची बाजू पुढच्याइतकीच नीटनेटकी असते, गाठी दिसत नाहीत. कोणी भरलं, किती दिवस लागले, ते विचारा. जिने भरलंय ती आनंदाने दाखवते. मोठा मेजपोस महिनोन्महिन्यांचं काम असतो, त्याची किंमत तशीच असणार. तिथे घासाघीस करण्यापेक्षा छोटा रुमाल घ्या, पण खरा घ्या.

दुभंगलेलं बेट

१९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरल्यापासून बेट दोन भागांत आहे, मधे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा पट्टा. उत्तरेतले ग्रीक सायप्रियट दक्षिणेला आले, दक्षिणेतले तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना फाळणीच्या आधीपासून, १९६४ पासून, तिथे आहे आणि सुरुवातीच्या काळात तिचं नेतृत्व भारतीय सेनानींनी केलं. जनरल थिमय्या १९६५ मध्ये तिथेच, पदावर असताना वारले आणि सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. वयस्कर माणसांना 'इंडिया' म्हटल्यावर अजून आपुलकी वाटते.

काफेनियोत शेजारी बसलेल्या सत्तरीच्या माणसाने आपलं गाव त्या वर्षी सोडलेलं असू शकतं. तो सांगेल तेव्हा ऐका, आपण होऊन विषय काढू नका. पाफोसकडच्या डोंगरांत तुर्की सायप्रियटांनी सोडलेली, पडझड झालेली गावं दिसतात. ती कुणाची तरी घरं आहेत. भिंतींवर चढू नका, आतल्या वस्तू उचलू नका. उत्तरेत जायचं असेल तर निकोसियाच्या लेद्रा रस्त्यावरच्या नाक्यावरून पासपोर्ट दाखवून पायी जाता येतं. भाड्याच्या गाडीचा विमा मात्र तिकडे सहसा लागू नसतो.

पायवाटांवर निघण्याआधी

खुणा केलेल्या पायवाटा भरपूर आहेत. प्लात्रेसजवळची कालेदोनिया धबधब्याची तीनेक किलोमीटरची वाट नवख्यांसाठी चांगली. घोटा झाकणारे बूट घाला. उन्हाळ्यात द्राक्षमळ्यांच्या दगडी बांधांत विषारी घोणसवर्गी साप असतो, त्यामुळे बांधावर हात टेकून बसू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात बुधवारी आणि रविवारी शिकारी फिरतात. त्या दिवशी भडक रंगाचे कपडे घाला किंवा गावातच राहा.

आगीची भीती खरी आहे. जुलै २०२१ मध्ये अराकापासच्या आगीत चार मजूर गेले, आणि जुलै २०२५ मध्ये लिमासोलवरच्या द्राक्षगावांचा मोठा टापू जळाला. उन्हाळ्यात काडी, सिगारेट, शेगडी, काहीही उघड्यावर पेटवू नका. धूर दिसला तर वनखात्याचा १४०७ किंवा ११२ लावा, आणि जवळच्या गावाचं नाव सांगता येईल इतका नकाशा रोज सकाळी बघून ठेवा.